आठ वर्षं पक्षीनिरीक्षण मंडळाचं काम करतीये, आता पक्षीच बघायला मिळत नाहीत. सोडू का?

शराटी_कर्वेनगर

नमस्कार. महिनाभर हे डोक्यात घोळतंय, घरी बोलून झालं, मंडळातल्या दोघींशी बोलून झालं, आता इथे विचारते कारण इथे बरेच जण कुठल्या ना कुठल्या हौशी संस्थेत राबलेले आहेत, ट्रेकिंगवाले आहेत, नाटकवाले आहेत, आकाशदर्शनवाले आहेत. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कोणाची बदनामी करायची नाहीये.

पुण्यातलं आमचं पक्षीनिरीक्षकांचं जुनं मंडळ आहे, नोंदणी झालेलं पण छोटं. महिन्यातून दोन रविवारी फेरी, वेताळ टेकडी, पाषाण तलाव, कवडीपाट, सिंहगडाचं खोरं असं आलटून पालटून. हिवाळ्यात एकदा भिगवण. नोव्हेंबरात पक्षी सप्ताहाला (५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा, म्हणून तो आठवडा) एखाद्या शाळेत कार्यक्रम, आणि जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना. मी आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले तेव्हा कावळा, चिमणी, साळुंकी, पोपट यापलीकडे मला काही ओळखू यायचं नाही. कवडीच्या बंधाऱ्यावर एका काकांनी स्वतःची दुर्बीण काढून माझ्या हातात दिली आणि चक्रवाक दाखवला. जलपर्णी, प्लास्टिक, शहराचं सगळं सांडपाणी, त्याच्यावर तो केशरी रंगाचा पक्षी कोवळ्या उन्हात शांत बसलेला. हा लडाख-तिबेटकडून आलाय म्हणाले. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं खरंच. त्या दिवसापासून मी मंडळाची झाले.

दुसऱ्या वर्षी "तू कॉम्प्युटरवर काम करतेस ना, मग यादी तू कर" असं झालं आणि तिसऱ्या वर्षी सेक्रेटरी. तेव्हापासून आजपर्यंत मीच आहे. बस मी ठरवते, पैसे मी गोळा करते, नाश्ता मी सांगते, मेसेज मी टाकते, मिनिट्स मी लिहिते, आणि कोणाची दुर्बिणीची पिशवी बसमध्ये राहिली तरी फोन मलाच येतो.

या जानेवारीत भिगवणला गेलो. सतरा सीटर ठरवलेली, पहाटे साडेचारला नळस्टॉप, मग हडपसर गाडीतळ. आदल्या रात्री साडेदहानंतर पाच जणांचे मेसेज आले, एकाला सर्दी, एकाकडे पाहुणे, दोघं एकत्र येणार होते त्यांचं एकत्रच रद्द, आणि एकाने नुसतं "जमत नाहीये" लिहिलं. गाडीचे पैसे ठरलेले ते ठरलेलेच, कुंभारगावला होड्या पण सतरा जणांच्या हिशोबाने सांगितलेल्या. बारा जण निघालो. उजनीच्या पाण्यावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं, सगळे होडीत बसले आणि मी काठावर राहिले कारण ड्रायव्हरला डिझेलचे पैसे आत्ताच पाहिजे होते, होडीवाल्याला कमी माणसांचा हिशोब समजावायचा होता आणि त्याच वेळेला न आलेल्यांपैकी एकाचा फोन, की माझे पैसे परत कधी मिळतील. मी त्यांच्याशी बोलत असताना माझ्या डोक्यावरून पट्टकादंबांची रांग गेली. मला आवाज आला फक्त. मान वर करेपर्यंत लांब गेले होते. हिमालय ओलांडून येणारा पक्षी, वर्षभर मी त्याची वाट बघते, आणि तो गेला तेव्हा मी फोनवर रिफंडचं बोलत होते. होडीतून सगळे परत आले ते इतके आनंदात होते, रोहित (फ्लेमिंगो) किती जवळून दिसले, मत्स्यघारीने मासा कसा उचलला, आणि मला सगळे विचारतायत तू पाहिलेस ना कादंब. मी हो म्हटलं. परत येताना यवतला चहाला थांबलो तेव्हा मी गाडीतच बसून राहिले.

एवढंच असतं तर लिहिलं नसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर २४० जण आहेत, काम करणारे आम्ही चौघं. गेल्या मे महिन्यात सिंहगडाच्या खोऱ्यात स्वर्गीय नर्तकाचं घरटं होतं, आपल्यातलाच एक सभासद मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून नराला पुढे बोलवत होता, फोटोसाठी. मी त्याला थांबवलं, हळू आवाजात, बाजूला घेऊन. त्याने अध्यक्षांकडे तक्रार केली आणि अध्यक्ष मला म्हणाले की सभासद दुखावून चालणार नाही, जरा सांभाळून घेत जा. वार्षिक सभेला जे लोक वर्षभरात एकदाही फेरीला आले नाहीत त्यांनी "पूर्वीसारखं मंडळ राहिलं नाही" यावर पाऊण तास घेतला. बँकेत अजून माजी खजिनदारांची सही चालते, ते पाच वर्षांपूर्वी कमिटीतून गेले, प्रत्येक चेकसाठी मी त्यांच्या घरी जाते, ते चांगले आहेत पण "या आठवड्यात नको" म्हणतात. तोपर्यंत पैसे माझ्या खिशातून.

आणि एक गोष्ट आहे जिच्यासाठी मी अजून टिकून आहे. मंडळाच्या जुन्या वह्या. १९८० आणि ९० च्या दशकातल्या, शाईने लिहिलेल्या, पाषाण, कवडी, मुळा-मुठेचा काठ. तलवार बदक, थापट्या, शेकाट्या, चक्रवाक, पानंच्या पानं. ज्या काकांनी मला दुर्बीण दिली होती त्यांचं अक्षर आहे त्यातल्या तीन वह्यांत, ते आता नाहीत. मी रात्री जागून त्या ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) चढवतीये, अकरापैकी चार झाल्या. मी सोडलं तर या वह्या परत कोणाच्या तरी माळ्यावर जातील ही भीती वाटते.

तर प्रश्न असा की तुमच्यापैकी कोणी असं काम सोडलंय का, कसं सोडलं, आणि सोडल्यावर संस्थेचं काय झालं? की न सोडता काही करता येतं? घरचे म्हणतात उद्याच राजीनामा दे. मला तसं जमत नाहीये.


सह्यकडा

ताई, भिगवणचं वाचून पोटात तुटलं. मी बारा वर्षं एका ट्रेकिंग ग्रुपचं काम केलं त्यामुळे आदल्या रात्री साडेदहाचे मेसेज म्हणजे काय ते मला माहितीये.

पैशाचं पहिलं सांगतो कारण निम्मा त्रास तिथे आहे. आधी पैसे, मग नाव. नाव "लिहून ठेव" म्हणणाऱ्याचं नाव लिहायचंच नाही. आणि निघायच्या आधी सात दिवसांनंतर रद्द केलं तर पैसे परत नाहीत, आपल्या जागी दुसरा माणूस आणलात तर चालेल, ही ओळ प्रत्येक ट्रिपच्या मेसेजमध्ये पहिली. आम्ही हे सुरू केलं तेव्हा खूप आरडाओरडा झाला, एक जुने सभासद म्हणाले की हा काय टूरिस्ट कंपनीचा धंदा आहे का, आपण मित्र आहोत. मी त्यांना म्हटलं मित्र आहोत म्हणूनच, तुमच्या न येण्याचे पैसे दुसरा मित्र भरतोय ना. दोन ट्रिप माणसं कमी आली, तिसऱ्यापासून सगळे सरळ झाले. आणि हा नियम तुम्ही एकटीने लावू नका, कमिटीच्या मिटिंगमध्ये ठराव करून घ्या, म्हणजे फोन आला की "ठराव आहे" एवढंच सांगायचं, तुमचं आणि त्यांचं नातं मध्ये येत नाही.

दुसरं, ट्रिपच्या दिवशी ड्रायव्हर आणि होडीवाला यांच्याशी बोलणारा माणूस वेगळा आणि पक्षी दाखवणारा वेगळा. आमच्याकडे आम्ही त्याला गाडीप्रमुख म्हणायचो, दर ट्रिपला नवा, आणि त्या दिवशी त्याचे पैसे माफ. तेवढ्यावर लोक आनंदाने पुढे येतात. तुम्ही काठावर उभ्या राहिलात हे व्हायलाच नको होतं, तुमच्या बाकीच्या अकरा जणांपैकी एकाला तरी कळायला पाहिजे होतं की ही बाई अजून होडीत का नाही बसली.

मी सोडलं ते आईच्या आजारपणामुळे, एका दिवसात. ग्रुप सात-आठ महिने बंद पडला होता, मला खूप वाईट वाटायचं. मग दोन पोरांनी परत सुरू केला, वेगळ्या पद्धतीने, आता बरा चाललाय. पण ते सात-आठ महिने टाळता आले असते असं अजून वाटतं.


हिशोबनीस_सदाशिव

मी ट्रस्ट आणि संस्थांचे हिशोब बघतो, पंचवीस वर्षं झाली, म्हणून मला तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात काळजीचं वाक्य ते बँकेच्या सहीचं वाटलं. बाकीचं दुखतं, हे अडकवतं.

तुमची संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असेल आणि त्यामुळे आपल्याकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली पण येते (आधी याच्या नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र). त्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कमिटी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला बदल अर्ज द्यायचा असतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. माजी खजिनदार पाच वर्षांपूर्वी गेले आणि त्यांची सही अजून चालते, याचा अर्थ बहुतेक हा अर्ज झालेलाच नाही, कारण बँक सही बदलताना शेड्यूल वनचा (धर्मादाय ऑफिसातली संस्थेची नोंद) उतारा मागते आणि त्यावर अजून जुनीच नावं असणार. म्हणजे कागदोपत्री तुम्ही कदाचित सेक्रेटरी नाहीच आहात. आठ वर्षं राबून कागदावर नाव नाही, आणि उद्या काही गडबड झाली तर फोन मात्र तुम्हाला, हे बरोबर नाही.

मुदत गेली म्हणून घाबरू नका. उशीर का झाला ते कारण देऊन मुदत वाढवून मागता येते, त्यासाठी खर्च भरायला लावतात, पण होतं. निवडणूक झाली त्या सभेची नोटीस, हजेरी, मिनिट्स, नव्या लोकांची संमतीपत्रं आणि गेलेल्यांचे राजीनामे एवढं शोधून काढा. मिनिट्स तुम्हीच लिहिल्यात म्हणताय म्हणजे निम्मं काम झालेलं आहे.

एक विनंती, रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर "मी आजपासून नाही" असं लिहून बाहेर पडू नका. लेखी राजीनामा, अध्यक्षांची पोच, कमिटीच्या मिटिंगमध्ये तो मंजूर झाल्याचा ठराव, आणि ताबा दिल्याची यादी दोघांच्या सह्यांनी. यादीत सगळं यायला पाहिजे, पासबुक, पावती पुस्तकं, शिक्का, टेलिस्कोप आणि ट्रायपॉड, ईमेलचा पासवर्ड, ग्रुपचं ॲडमिनपद, त्या अकरा वह्या पण. आणि ३१ मार्चला हिशोब बंद होतात तेव्हा तुम्ही खिशातून घातलेले पैसे व्हाउचरसकट हिशोबात आणा. संस्थेला देणगी द्यायची असेल तर देणगी म्हणून द्या, पावती घेऊन. पण असे हरवू देऊ नका, कारण मग पुढच्या माणसाला वाटतं की ट्रिप एवढ्याच पैशात होते, आणि तो फसतो.


टेकडीवर_रोज

मी सरळ सोडलं होतं. तीन वर्षं काम केलं, एका दिवाळीत बसून मेसेज लिहिला आणि गेलो. आता रोज सकाळी एकटा वेताळ टेकडीवर जातो, खाणीपाशी बसतो, मोर ओरडतात, शिक्रा येतो, कोणाला काही समजवायचं नसतं. खूप शांत वाटतं.

फक्त लहान मुलं आठवतात. शाळेच्या फेरीत एक मुलगी होती तिने टिटवीचं घरटं स्वतः शोधलं होतं, नुसत्या दगडात घातलेली अंडी, आणि कोणाला न सांगता मागे सरकून उभी राहिली होती. ती आता कॉलेजात असेल. असं एकट्याने फिरताना होत नाही.


२४०_पैकी_एक

हे लिहिताना मला थोडं अवघड वाटतंय, ताई राग मानू नका. मी तुमच्या मंडळातला आहे की दुसऱ्या ते सांगत नाही, पण अशाच एका ग्रुपमध्ये सहा वर्षं आहे आणि तिथे मी त्या काम न करणाऱ्या लोकांपैकी आहे. आमची बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितोय.

मी पहिल्या वर्षी दोनदा विचारलं होतं की काही मदत करू का. एकदा सेक्रेटरी म्हणाले "हो हो सांगतो" आणि सांगितलं नाही. दुसऱ्यांदा मी फेरीची यादी करायला घेतली तर रात्री त्यांनी ती परत स्वतः केली, माझ्यात दोन चुका होत्या, मला न सांगता दुरुस्त करून टाकली. चुका होत्याच, मी वंचक आणि ढोकरी वेगवेगळे लिहिले होते, दोन्ही एकच पक्षी ते मला तेव्हा माहिती नव्हतं. पण त्यानंतर मी विचारलं नाही. त्यांना माझ्या कामापेक्षा स्वतःचं काम बरं वाटतं असा मी अर्थ घेतला. मग वर्षं गेली, आता मी पैसे भरतो, येतो, पक्षी बघतो, जातो. सभेला सेक्रेटरी म्हणाले की कोणी पुढे येत नाही तेव्हा मला आत कुठेतरी लागलं, कारण मी आलो होतो.

ग्रुपवर "कोणी मदत करेल का" असा मेसेज आला की २४० जणांपैकी प्रत्येकाला वाटतं बाकीचे २३९ आहेत. कोणीतरी मला फोन करून सांगितलं असतं की येत्या रविवारी नाश्त्याचं तू बघ, कवडीला जाताना हडपसरला अमुक ठिकाणाहून वीस प्लेट पोहे घे, तर मी नाही म्हटलं नसतं. आणि रद्द करणाऱ्यांबद्दल तुमचं बरोबरच आहे, मी पण एकदा आदल्या रात्री रद्द केलंय, तेव्हा गाडीचं गणित माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याबद्दल आमच्या सेक्रेटरींची मी या वाचनानंतर माफी मागितली, काल रात्री.


शराटी_कर्वेनगर

२४०_पैकी_एक, तुमचं वाचून मी दोन दिवस उत्तर लिहू शकले नाही. राग आला आधी, खोटं कशाला बोलू. मग आमच्या ग्रुपची यादी उघडून बसले आणि आठवायला लागले की मला कोणी कोणी विचारलं होतं. चार नावं आठवली. एक मुलगा, फर्ग्युसनला शिकतो, त्याने गेल्या पावसाळ्यात विचारलं होतं की वह्यांचं काम मला द्याल का, आणि मी त्याला म्हटलं होतं की नाही रे, अक्षर लागत नाही सगळ्यांना, मी करते. अक्षर लागत नाही हे खरं आहे. पण मला त्या द्यायच्या नव्हत्या हे पण खरं आहे. काकांचं अक्षर मला एकटीला वाचायचं होतं.

हिशोबनीस, तुम्ही म्हणताय तसंच निघालं. शेड्यूल वनवर जुनी कमिटी आहे, त्यातले दोघं हयात नाहीत. मी कागद काढायला घेतलेत.


माळचंडोल

वह्यांबद्दल बोलायलाच आलोय कारण हे काम मी थोडंफार केलंय, सासवडकडच्या माळरानांच्या जुन्या नोंदींचं.

शराटीताई, एक विचारतो, या नोंदी तुम्ही तुमच्या स्वतःच्या अकाउंटवर चढवताय का? तसं असेल तर लगेच थांबा आणि मंडळाच्या नावाने वेगळं अकाउंट काढा. तुम्ही जे पाहिलं नाही ते तुमच्या यादीत येतं, आणि उद्या तुम्ही मंडळ सोडलं तर सगळा ठेवा तुमच्या नावाशी बांधलेला राहतो. चढवलेल्या याद्या दुसऱ्या अकाउंटला शेअर करून मग आपल्यातून काढता येतात, चार वह्यांचं काम वाया जाणार नाही.

जुन्या वहीत वेळ आणि किती चाललो ते लिहिलेलं नसतं, तेव्हा हिस्टॉरिकल हा प्रकार निवडायचा, अंदाजाने वेळ टाकायची नाही. "भरपूर", "थवे" असं लिहिलं असेल तर आकडा बनवू नका, तिथे फुली टाकता येते, म्हणजे पक्षी होता पण मोजलेला नाही. तारीख नुसती "डिसेंबर" असेल तर ती नोंद चढवू नका, वहीतच राहू द्या. आणि सगळ्यात आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून तीन ठिकाणी ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या कागदाचं काय होतं ते मी बघितलंय, वाळवी एका सीझनमध्ये अख्खी वही खाते.

अक्षराचं म्हणाल तर दोघांनी मिळून करा, एकाने वाचायचं, एकाने टाईप करायचं. चुका निम्म्याने कमी होतात आणि तुम्हाला ते अक्षर वाचायला मिळतंच. त्या मुलाला बोलवा. ही वही कशी वाचायची ते तुम्हाला येतं, ते पुढे कोणाला तरी यायला पाहिजे. जुनी नावं, कोणत्या काकांची "छोटी बदकं" म्हणजे नक्की कोणती, पाषाणला "पलीकडचा काठ" म्हणजे कुठला, हे वहीत कुठे लिहिलेलं नसतं.


नर्तक_मे

आवाज वाजवण्याचा मुद्दा कोणीच घेतला नाही म्हणून मी घेतो, कारण तिथे ताई शंभर टक्के बरोबर होत्या आणि अध्यक्ष चुकले.

स्वर्गीय नर्तकाचे नर आणि मादी दोघं आळीपाळीने अंडी उबवतात. घरटं म्हणजे कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली उघडी वाटी, फांदीच्या बेचक्यात. मोबाईलवर दुसऱ्या नराचा आवाज आला की हा उबवायचं सोडून भांडायला येतो, अर्धा अर्धा तास फिरत राहतो, तेवढ्यात अंडी उघडी, वर मे महिन्याचं ऊन आणि आजूबाजूला कावळे. फोटो छान येतो आणि आठ दिवसांनी घरटं रिकामं दिसतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यातच पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना त्रास देणं धरलेलं आहे. म्हणजे "सभासद दुखावला" हा विषयच तिथे येत नाही.

आमच्याकडे काय केलं, सभासदत्वाच्या फॉर्मवरच चार ओळी छापल्या. आवाज वाजवायचा नाही, घरट्याजवळ थांबायचं नाही, घरट्याची जागा ग्रुपवर टाकायची नाही, फेरीप्रमुखाने थांबा म्हटलं की थांबायचं. खाली सही. एक जण या कारणावरून गेला, जाऊ दिला. आणि घुबडाची किंवा घरट्याची जागा असलेला फोटो कोणी टाकला की ॲडमिन विचारत बसत नाही, काढून टाकतो. भिगवणच्या ट्रिपपेक्षा मला वाटतं ताईंना तिथे जास्त लागलं असेल, कारण त्या पक्ष्यासाठी उभ्या राहिल्या आणि मंडळ त्यांच्यासाठी उभं राहिलं नाही. हे अध्यक्षांना एकदा तोंडावर सांगा ताई. शांतपणे, पण सांगा.


सह्यकडा

वरचं शेवटचं वाक्य माझ्याकडून पण.


शराटी_कर्वेनगर

तीन आठवड्यांनी लिहितीये, काय झालं ते सांगायला. सगळ्यांचे मनापासून आभार.

कमिटीची मिटिंग घेतली गेल्या शनिवारी, आमच्याच घरी, सात जण आले. आधी मी अध्यक्षांशी वेगळं बोलले, घरट्याचं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की तो माणूस मंडळाला मोठी देणगी देणार आहे म्हणून बोललो होतो, चुकलं माझं. माझा आवाज कापत होता पण बोलले एकदाचं. चार ओळींचा ठराव झाला, फॉर्मवर छापायचा. रिफंडचा पण झाला, सात दिवसांचा, त्यावर मात्र वाद झाला आणि एक जण उठून गेले. ते परत येतील की नाही माहिती नाही, मला त्यांचं वाईट वाटतंय कारण मंडळाच्या पहिल्या माणसांपैकी आहेत.

मी सप्टेंबरपर्यंत सेक्रेटरी राहणार आणि मग नाही, हे मिनिट्समध्ये लिहिलंय. तोपर्यंत बदल अर्ज आणि बँकेचं पूर्ण करायचं. ग्रुपवर मेसेज न टाकता मी अकरा जणांना एकेक करून फोन केले, नेमकं काम सांगून. सात जण हो म्हणाले. एक ताई बसचं बघणार आहेत, त्या आयुष्यभर एसटीच्या ऑफिसात होत्या, मला गेली पाच वर्षं माहितीच नव्हतं. दोघं नाही म्हणाले आणि दोघांनी फोन उचलला नाही.

वह्यांचं अकाउंट वेगळं काढलं. तो मुलगा दर बुधवारी संध्याकाळी येतो. पहिल्याच दिवशी त्याने काकांच्या वहीतला एक शब्द वाचला जो मी दोन वर्षं "पाणटिवळा" समजत होते, तो "पाणडुबी" निघाला. सहा याद्या दुरुस्त कराव्या लागल्या. पाचवी वही आम्ही अर्धी केली.

हिशोबनीस, एक शंका राहिली आहे. जुन्या कमिटीतले जे दोघं गेले त्यांच्या मृत्यूचे दाखले घरच्यांकडून मागायचे आहेत, तर ते मूळ लागतात की झेरॉक्स चालते? एकांच्या घरी मी रविवारी जाणार आहे, त्यांच्या पत्नीला सारखं यायला लावायला नको वाटतं, म्हणून आधी विचारून ठेवते.


हिशोबनीस_सदाशिव

झेरॉक्सवर खरी नक्कल म्हणून सही-शिक्का करून घ्या, आणि मूळ फक्त बघून लगेच परत द्या, त्यांच्याकडून ठेवून घेऊ नका. जाताना त्यांच्या नावाचं वहीतलं एखादं पान प्रिंट काढून घेऊन जा.